डिफरन्शियल बदललं, दात तुटले, आता भरून कोण देणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की गाडीचं मागचं ओपन डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची यंत्रणा) काढून बाहेरच्या वर्कशॉपमधून क्लचवालं लिमिटेड स्लिप (एकच चाक घसरून फिरत राहू नये म्हणून क्लचने आवरणारं) बसवून घेतलंत, दोन महिन्यांत मागून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला आणि एक दिवस क्राउन पिनियनचे, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे वळवणाऱ्या आतल्या गिअरच्या जोडीचे, दात गेले. कंपनीवाले म्हणतात अख्ख्या गाडीची वॉरंटी संपली, वर्कशॉपवाला म्हणतो तुम्ही ट्रॅकवर पिदडली.

आधी एक करा, ते हाउसिंग, म्हणजे डिफरन्शियलचं बाहेरचं कवच, कुणाला उघडू देऊ नका. "खोलून बघतो आणि सांगतो" असं वर्कशॉपवाला गोड बोलून म्हणेल, पण एकदा खोललं, पुसलं, तेल ओतून दिलं की तुमची केस पण त्या तेलाबरोबर गेली. कारण क्राउनच्या दातांवर पिनियन जिथे घासतो तिथे ठसा उमटतो, तो कडेला सरकलेला असेल तर बसवतानाच सेटिंग चुकलंय. तिथला बॅकलॅश, म्हणजे दोन गिअरच्या दातांमधली मोकळी फट, बहुतेक गाड्यांत ०.१३ ते ०.२० मिमीच्या आसपास ठेवतात, म्हणजे एकदोन कागदांच्या जाडीएवढा, अंदाजाने लावायचं काम नाही ते. ठसा मधोमध आणि दात झटक्यात मोडलेला दिसला तर मात्र संशय तुमच्यावर येतो.

म्हणून वर्कशॉपला लेखी कळवा, तारीख द्या आणि दोघांच्या समोर तिसऱ्या जाणकाराकडून उघडून घ्या, फोटो काढा, तेलाचा नमुना बाटलीत सीलबंद ठेवा. वर्कशॉपवाला तेलावर ढकलेल, तुम्हीच फ्रिक्शन मॉडिफायर (क्लच अडखळू नयेत म्हणून तेलात घालायचं रसायन) टाकला नाही वगैरे. पण मॉडिफायर नसला तर त्रास वळताना होतो, मागून थरथर, कटकट. सरळ रस्त्यावर स्पीडबरोबर चढत जाणारा घूंऽऽ आवाज गिअर सेटिंगचा नाहीतर बेअरिंगचा असतो. तुमचा आवाज अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर यायचा की सोडल्यावर, कधीपासून, हे आजच लिहून काढा, सहा महिन्यांनी आठवणार नाही.

कंपनीशी डिफरन्शियलसाठी भांडू नका, तो भाग गेला, आणि त्याच्यामुळे मोडलेले हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) पण गेलेच समजा. पण एसी, स्टिअरिंग, म्युझिक सिस्टीम यांचा काय संबंध? वॉरंटीच्या पुस्तकात "बदलामुळे झालेलं नुकसान" लिहिलंय की "बदल केल्यास वॉरंटी रद्द" ते शब्द न् शब्द वाचा, पहिलं असेल तर संबंध दाखवायची जबाबदारी कंपनीवर टाकता येते, त्यांच्याकडूनही नकार लेखी मागा. तोंडी नकाराला उत्तर देत बसू नका.

इन्शुरन्सवाल्यांना बदल कळवला होता का? नसेल तर आता कळवा, पुढच्या अपघाताच्या क्लेमला हीच फट शोधतील.

आणि एक गोष्ट. एवढ्या लांब मेलमध्ये तुम्ही ट्रॅकवर गेलो नाही असं कुठेच लिहिलेलं नाहीये. गेला असाल तर वकिलाला आधी सांगा, आणि ट्रॅकवरचे व्हिडिओ असतील तर ते घाईघाईने डिलीट करू नका, समोरच्याकडे कॉपी निघाली तर खोटेपणा तुमच्याच अंगावर येईल.