नवा डबा लावला आणि घरातलं नेट गेलं

या खेपेला निवडलेले तिन्ही प्रश्न किनाऱ्यावरचे आहेत आणि तिघांचं दुखणं एकाच जातीचं, घरात नवीन काहीतरी जोडलं आणि आधी नीट चालणारं नेट बिघडलं, म्हणून एकत्र घेतोय.

प्रश्न : आमचं घर गुहागर तालुक्यात आहे. मागच्या वाडीत दोन खोल्या होमस्टेसाठी काढल्यात. फायबर पुढच्या घरात, पण भिंती चिऱ्याच्या, वायफाय माजघर ओलांडून पुढे जात नाही, म्हणून आधीच्या ब्रॉडबँडचा राउटर पडून होता तो लांब केबल टाकून मागे लावला. पहिला दिवस सगळं झकास चाललं. दुसऱ्या दिवसापासून काही कळेनासंच झालंय, मुलाचा लॅपटॉप चालतो, ह्यांच्या फोनवर वायफायची खूण पूर्ण दिसते पण नेट नाही, टीव्ही कधी चालतो कधी नाही, आणि लाईट जाऊन आली की हमखास सगळं बंद. फायबरवाल्या मुलाला फोन केला तर म्हणतो लाईन ओके आहे. आता भावोजी म्हणतायत मेन डब्याला टाचणी घालून रिसेट मारूया. मारू का? शनिवारी पाहुणे येणारेत.

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं, कारण घाई तिथेच आहे: रिसेट मारू नका. डब्याचं बटण बंद करून चालू करणं वेगळं, ते खुशाल करा, पण मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरली की डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो, आणि फायबरच्या डब्यात तुमच्या कनेक्शनचं युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा नंबर (कंपनीच्या लाईनवरचा तुमचा कप्पा कुठला ते सांगणारा आकडा) असं जे काही जोडणाऱ्या माणसाने भरून ठेवलेलं असतं ते पुसलं जातं. काही डबे ही सेटिंग लाईनवरून परत आपोआप ओढून घेतात, सगळे नाही घेत, आणि आपला कुठल्या जातीचा हे पाहुणे दारात असताना कळून उपयोग काय? आत्ता अर्ध्या घराचं नेट जातंय, मग सगळ्याच घराचं जाईल. हे मी कळकळीने सांगतोय कारण नवीन वस्तूने बिघडलेलं नेट बहुतेक वेळा घरातल्या घरात दुरुस्त होतं, माणसाची वाट बघावी लागते ती रिसेट मारल्यावर.

आता कारण. फायबरवाला मुलगा खरं बोलतोय, लाईन ओकेच आहे, भांडण तुमच्या घरातल्या दोन डब्यांचं आहे. कुठलाही फोन वायफायला जोडला की तो आधी सगळ्या घराला उद्देशून विचारतो की मला नंबर कोण देतंय, आणि राउटर त्याला उत्तर देतो, हा तुझा आयपी नंबर, आणि बाहेर जायचं असलं तर ह्या गेटवेतून जा. ह्या नंबर वाटण्याच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. घरात हे काम एकानेच करायचं असतं. तुम्ही जुना राउटर जोडलात, त्यातही डीएचसीपी चालूच होतं, आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातल्या वस्तू जोडायच्या भोकात, गेली असणार, त्यामुळे पुढचं घर आणि मागचं घर मिळून एकच नेटवर्क झालं आणि त्यात नंबर वाटणारे दोघे झाले. गणपतीला मुंबईहून सुटणाऱ्या एका एसटीत दोन कंडक्टर आपापल्या याद्या घेऊन सीट वाटायला लागले तर जे होईल तेच. ज्याला फायबरच्या डब्याने नंबर दिला त्याचं नेट चालतं, ज्याला जुन्या राउटरने दिला त्याला गेटवे म्हणून जुना राउटरच सांगितला जातो, आणि त्याच्या पाठीमागे आता लाईनच नाही. म्हणून खूण पूर्ण, नेट शून्य.

पहिला दिवस नीट का गेला? तर नंबर ठराविक मुदतीसाठी दिलेला असतो, खूप राउटरमध्ये ती २४ तासांची असते. आधी घेतलेले नंबर सगळ्यांकडे होते, ते चालले, मग जसजसे फोन बाहेर जाऊन आले किंवा मुदत संपली तसतसे काही जण चुकीच्या डब्याकडे गेले. आणि लाईटचं तर अगदी सरळ आहे, लाईट आली की फायबरच्या डब्याला चालू होऊन लाईन पकडायला दोन-चार मिनिटं लागतात, जुना राउटर बिचारा साधा, तो लवकर उठतो, आणि तोपर्यंत घरातले सगळे फोन नंबर मागत असतात ते तो एकटाच वाटून टाकतो. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट दिवसातून कितीदा जाते ते तुम्हाला सांगायला नको. फायबरचा डबा इन्व्हर्टरवर असेल तर हा त्रास थोडा कमी होतो, जात नाही.

खात्री करून घ्या, अंदाजावर काम नको. नेट नसलेल्या फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये जा, जोडलेल्या नावावर टॅप करा, आत आयपी ॲड्रेस आणि गेटवे दिसेल, आयफोनवर गेटवेच्या जागी राउटर असं लिहिलेलं असतं. मुलाच्या चालणाऱ्या लॅपटॉपवरही तेच बघा. एकाकडे गेटवे १९२.१६८.१.१ आणि दुसऱ्याकडे १९२.१६८.०.१ असं काही वेगळं दिसलं की चोर सापडला. दोन्हीकडे सारखंच दिसलं तरी जुना राउटर निर्दोष ठरत नाही, कारण कितीतरी राउटरचा स्वतःचा नंबर कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ असतो, म्हणजे दोघांचा नंबरही एकच. तेव्हा मागची केबल काढा, फोनचं वायफाय बंद करून चालू करा, नेट आलं? मग निदान झालं.

दुरुस्ती अशी. जुना राउटर फायबरपासून पूर्ण सुटा ठेवा, फक्त त्याच्या वायफायला किंवा केबलने लॅपटॉप जोडा आणि ब्राउझरमध्ये त्याचा गेटवे नंबर टाका, आकडे इंग्रजी टाइप करायचे. लॉगिन राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतं. आत ॲक्सेस पॉईंट किंवा एपी मोड (नंबर न वाटता नुसतं वायफाय पुरवायचं) असा पर्याय असेल तर तो निवडा आणि सेव्ह करा, बाकी सगळं तो स्वतः करतो. जुन्या राउटरमध्ये बहुधा नसेल, मग दोन गोष्टी हाताने करायच्या: आधी लॅनच्या पानावर त्याचा स्वतःचा नंबर बदलायचा, मग डीएचसीपी बंद करायचं. नंबर असा द्या जो फायबरचा डबा कुणाला वाटत नाही. डब्याच्या डीएचसीपीच्या पानावर कुठून कुठपर्यंत नंबर वाटतो ते लिहिलेलं असतं, समजा १९२.१६८.१.२ ते १९२.१६८.१.२०० वाटत असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२५० द्या. राउटर बदलाबरोबर परत चालू होईल आणि पुढच्या वेळी त्याचं पान ह्या नव्या नंबरवर उघडेल, तो स्टिकरवर पेनाने लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तो डबा कुणालाच उघडता येत नाही. मग मागची केबल लॅन पोर्टातच लावा, बाहेरच्या लाईनसाठी असलेल्या वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात नाही.

कुणीतरी सांगेल की वॅन पोर्टात लावा, काही बदलायलाच नको. चालतं तसंही, दोघांच्या नंबरांची मालिका वेगळी असेल तर. पण त्याने पाहुणे तुमच्या घरापासून वेगळे होतात असं सांगितलं जातं ते खरं नाही, मागच्या राउटरवर बसलेला माणूस पुढच्या घरातल्या वस्तूंपर्यंत पोचू शकतो, उलट तुम्हालाच मागचं काही दिसत नाही. पाहुण्यांना वेगळं ठेवायचं असेल, आणि होमस्टेत ठेवावंच, तर राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं ते वापरा. तुमच्या मागच्या राउटरला एपी मोडमध्ये तसं जमत नसेल तर पुढेमागे जमेल असा घ्या, हा खर्च करण्यासारखा आहे.

आणि विचारलं नाहीत तरी सांगतो, ती लांब केबल उघड्यावरून गेलीये ना? दोन इमारतींमधली तांब्याची केबल मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात धोक्याची. वीज तिच्यावरच पडायला पाहिजे असं नाही, जवळपास पडली तरी दोन्हीकडचे पोर्ट जळतात. तात्पुरतं म्हणजे आभाळ भरून आलं की दोन्ही टोकं काढा. कायमचं म्हणजे मधल्या अंतरात फायबर टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरला साधी केबल जोडून देणारी डबी) लावा, काचेच्या तारेतून वीज येत नाही.

प्रश्न : देवगडला आमची कलमं आहेत. आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये चार कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर बसवून घेतला, मुलगा मुंबईहून बघतो. तेव्हापासून घरातलं सगळ्यांचंच नेट दोन मिनिटं येतं, दोन मिनिटं जातं. डीव्हीआरची केबल काढली की एकदम ठीक. बसवणारा म्हणतो राउटर कमजोर आहे, नवीन घ्या. घेऊ?

उत्तर : नका घेऊ, निदान आत्ता तरी. केबल काढली की ठीक होतं म्हणालात तिथेच अर्धं उत्तर आलं. डीव्हीआरला नंबर बहुधा हाताने ठोकून दिलेला असतो, आणि तो राउटरच्याच नंबराचा दिला गेला असेल तर प्रत्येक फोनने १९२.१६८.१.१ कोण आहे असं विचारलं की दोघेही मी म्हणतात, शेवटी ज्याचं ऐकू आलं त्याच्याकडे फोन जातो. म्हणून येतं-जातं. एखाद्याच वस्तूला त्रास असता, प्रिंटरला किंवा टीव्हीला, तर डीव्हीआरचा नंबर त्या वस्तूशी भिडलाय म्हटलं असतं, पण तुमच्याकडे सगळ्यांचंच जातंय. नेट गेलेलं असताना फोनच्या ब्राउझरमध्ये राउटरचा नंबर टाकून बघा, राउटरच्या जागी डीव्हीआरचं लॉगिन उघडलं तर आणखी पुरावा नको. डीव्हीआरला जोडलेल्या स्क्रीनवर मेनूमध्ये नेटवर्क असं पान आहे, तिथे डीएचसीपी चालू करा, आणि त्याला कायम एकच नंबर हवा असेल तर तो राउटरमध्ये राखून ठेवायचा, डीव्हीआरमध्ये नाही. बसवणाऱ्याला हेच नेमकं सांगा, पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी नवीन राउटर कशाला.

हे केल्यावर येणं-जाणं थांबलं पण मुलगा कॅमेरे बघत असताना बाकी सगळं रखडतंय असं वाटलं, तर ते वेगळं, तेव्हा तुमची अपलोडची, म्हणजे घरातून बाहेर जायची, वाट भरतेय. बाहेरून बघायला डीव्हीआरमध्ये सब-स्ट्रीम म्हणून हलकं चित्र असतं ते लावा, शेडमध्ये कोण आलं-गेलं एवढं त्यातही स्वच्छ कळतं.

आणि एक, कृपया टाळू नका. डीव्हीआरचा कारखान्यातला पासवर्ड अजून तोच असेल तर आजच बदला, आणि बसवणाऱ्याने राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग किंवा डीएमझेड (दोन्ही म्हणजे बाहेरच्यांना थेट डीव्हीआरपर्यंत येऊ देणारी दारं) चालू केलं असेल तर बंद करा, मोबाईल ॲपने बघायला बहुतेक डीव्हीआरना त्याची गरजच नसते. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने अशाच न बदललेल्या पासवर्डचे कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेतले आणि त्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन (Dyn) ह्या कंपनीचे सर्व्हर बुजवले, मोठमोठ्या वेबसाइट कित्येक तास उघडत नव्हत्या. ज्यांच्या घरातले कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांना बहुधा पत्ताही लागला नसेल.

प्रश्न : मालवणात आमचं छोटं दुकान, वर घर. पोर्ट कमी पडले म्हणून पाच पोर्टचा स्विच आणला, सगळ्या केबल लावल्या आणि दुकान-घर दोन्हीकडचं नेट ठप्प. स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतायत. स्विच खराब निघाला का?

उत्तर : दादा, स्विच चांगला असणार. एकाच केबलची दोन्ही टोकं त्यात गेलीयत, किंवा राउटरमधून स्विचला दोन केबल आल्यात. मग एकदा सुटलेला निरोप गोल गोल फिरत राहतो, वाढत जातो आणि खऱ्या कामाला जागाच उरत नाही, सगळे दिवे एकसाथ भडाभडा लुकलुकणं ही त्याचीच खूण. सगळ्या केबल काढा, राउटरची एकच लावा, मग एकेक करत बाकीच्या, जिला लावल्यावर दिवे पुन्हा पिसाळतील तिचं दुसरं टोक कुठे जातंय ते हाताने धरून शोधत जा. शोधताना कनेक्टरच्या पिनाही बघून घ्या, खाऱ्या हवेने हिरवट झाल्या असतील तर टोक कापून नवीन क्रिंप करून घ्या, ते टोक कधी लागतं कधी लागत नाही आणि मग तुम्ही पुन्हा स्विचलाच दोष द्याल.