जुन्या सोसायटीतला चकचकीत फ्लॅट: जादाचे सात लाख नक्की कशाचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत गावभागाजवळ १९८४ची सहकारी सोसायटी, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. सर्वांत वरच्या मजल्यावर ६५० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट. ओपन किचन, नव्या टाईल्स, सगळीकडे फॉल्स सीलिंग. मागणी ३२ लाख. त्याच इमारतीतला न सुधारलेला फ्लॅट २५ लाखांना मिळतोय. वरचे सात लाख द्यावेत का?

आत्ता दिसतंय तेवढ्यावर देऊ नका. टाईल्स, रंग, सीलिंग यांचे पैसे मी धरतच नाही. पाण्याचे पाईप, वायरिंग आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग खरोखर बदललं असेल तर त्याचे धरावेत, तेही बिलं आणि काम चालू असतानाचे फोटो दाखवले तर. भिंत फोडून काम करणाऱ्याच्या मोबाईलमध्ये असे फोटो बहुतेक वेळा असतातच.

सुरुवात सीलिंगपासून करा. वरच्या मजल्यावर प्रत्येक खोलीत फॉल्स सीलिंग असेल तर ते हौसेने केलंय की गळती झाकायला, हे कळायलाच हवं. डाउनलाइट स्प्रिंगवर बसवलेले असतात. मालकाच्या परवानगीने, मेन स्विच बंद करून, प्रत्येक खोलीतला एक खाली ओढा. त्या भोकातून मोबाईल वर धरून टॉर्च लावून व्हिडिओ काढा. स्लॅबवर पांढरे क्षार, तांबूस ओघळ, सुटलेलं प्लास्टर किंवा उघडी सळई दिसते का ते पाहा. काँक्रीट जुनं झालं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा अल्कलीपणा कमी होतो आणि सळईचं संरक्षण जातं. मग सळई गंजून फुगते आणि खालचा थर ढकलून पाडते. ही क्रिया सीलिंगच्या वर गुपचूप चालू राहते आणि कळते तेव्हा सीलिंगसकट खाली येते. मालक एकही दिवा काढू देत नसेल, तर मी पुढचं बोलणंच थांबवेन.

मग गच्चीवर जा. कोब्याची (गळती थांबवायला स्लॅबवर घातलेल्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थराची) जाडी पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, पायथ्याशी आणि पावसाच्या पाण्याच्या तोंडाशी कळते. गळती झाली की जुना कोबा न काढता वर दुसरा घालायची खोड बऱ्याच सोसायट्यांना आहे. चार-साडेचार इंचांचा एक कोबा चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन टाकतो, आणि वापरातल्या गच्चीवर माणसं-सामानाचा भार धरतात तो १५० किलो. दोन कोबे दिसले तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) गच्चीच्या गळतीचा खर्च सोसायटीचा असतो, पण फंडात पैसे असतील तरच तो होणार.

ओपन किचनबद्दल एकच प्रश्न विचारा: कोणती भिंत काढली? १९८४ची तीन मजली इमारत आरसीसी फ्रेमची असू शकते, तशीच भिंतींवर पेललेलीही. जिन्यात आणि तळमजल्यावर कॉलम-बीम दिसतात का बघा. नऊ इंची भिंतींवर स्लॅब टेकलेला असेल आणि त्यातलीच एक काढली असेल, तर तो फ्लॅट सोडून द्या. फ्रेम असली तरी सोसायटीच्या परवानगीचं पत्र मागा.

टाईल्स जुन्या फरशीवरच बसवल्यात का, हे उंबऱ्यापाशी कळतं. जिन्याच्या लँडिंगपेक्षा घरातली जमीन दीड-दोन इंच वर असेल आणि दरवाजे खालून कापलेले असतील, तर उत्तर मिळालं. अॅडहेसिव्हवर चिकटवलेल्या टाईल्स चौरस मीटरला २५-३० किलोच भरतात, ते चालतं. पण मसाल्याचा नवा थर घालून केलं असेल तर शंभराच्या वर जातं. लाकडी दांड्याने ठोकून बघा, पोकळ आवाज म्हणजे खाली पकड नाही.

बाथरूममध्ये नहाणीचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरा, ४८ तास ठेवा आणि खालच्या घरातल्यांना विनंती करून त्यांचं छत बघून या. त्यांच्याशी बोलणं तसंही गरजेचं आहे. गळतीचं भांडण आधीपासून असेल तर तेच सांगतील. आतले पाईप सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) झाले पण बाहेरचा उभा बिडाचा पाईप जुनाच, असं नेहमी आढळतं. वायरिंगमध्ये एसी-गीझरला ४ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र वायर, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि चालू अर्थिंग हवं. वीजबिलावरचा मंजूर भारही वाचा.

आता कृष्णेचं पाणी. आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५, २०१९ आणि २०२१ला या इमारतीत पाणी कुठवर आलं ते तळमजल्यावरच्यांना विचारा. तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही, पण मीटर आणि पंप खाली असतील तर वीज-पाण्याविना अडकून पडता. मीटर वर घेतलेत का? पुरानंतर जमिनीखालची टाकी धुऊन दुरुस्त केली का? तळमजल्याच्या कॉलमच्या कोपऱ्यावर उभी, लांब भेग म्हणजे मुख्य सळई गंजायला लागली. ३० वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट उपविधींनुसार दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचा अहवाल सेक्रेटरींकडून मागून वाचा. नसेल तर स्वतःच्या खर्चाने इंजिनिअर न्या आणि कॉलमवर रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कठीणपणा बघणारी) व फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलीपणा बघणारी) चाचणी करायला सांगा. फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण लावून नुकतंच फोडलेलं काँक्रीट गुलाबी झालं तर ठीक, सळईपर्यंत रंगच आला नाही तर धोका.

कागदांत सर्वांत जास्त घोळ वारसांचा. मूळ सभासद वारलेले आणि नॉमिनी विकतोय, असं असेल तर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकी वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) विकणाऱ्याचं नाव चढलेलं हवं. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून जमीन सोसायटीच्या नावावर आहे की अजून मूळ जागामालकाच्या, ते बघा. अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावे करून देणं, कन्व्हेयन्स) झालेलं नसेल तर पुनर्विकास अडकतो. जागा भोगवटादार वर्ग २ (शासनाच्या अटींवर दिलेली जमीन) असेल तर विक्रीआधी शासनाची परवानगी लागेल. पूररेषेच्या नकाशात इमारत निळ्या रेषेच्या (नदीलगतच्या पूरपट्ट्याच्या हद्दीच्या) आत आहे का हेही महापालिकेत विचारा, कारण तिथे नव्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत. पुनर्विकास होईल या आशेवर जास्त भाव देणार असाल तर हे आधी. बंद केलेली बाल्कनी पुनर्विकासात मिळणाऱ्या जागेच्या हिशोबात धरली जाईलच असं समजू नका.

तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि वार्षिक सभांची इतिवृत्तं वाचा. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) किती, थकबाकीदार किती, मोठ्या दुरुस्तीची वर्गणी ठरलीय का? ठरली असेल तर ती कोण भरणार ते करारात लिहा.

३२ लाखांवर मुद्रांक शुल्क स्थानिक करासह ६ टक्के म्हणजे १ लाख ९२ हजार. फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास एक टक्का कमी. नोंदणी ३० हजार. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरण प्रीमियम २५ हजारांहून जास्त घेता येत नाही. ‘देणगी’ मागितली तर लेखी मागा.

सगळं नीट निघालं आणि पाईप, वायरिंग, वॉटरप्रूफिंगचे पुरावे मिळाले, तर माझ्या हिशोबाने २५वर तीन-साडेतीन लाख द्यावेत. विसारपावतीत मात्र लिहून घ्या: सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या दस्तांच्या तपासणीचा अहवाल), इंजिनिअरचा अहवाल किंवा बँकेची कर्जमंजुरी यांपैकी काहीही प्रतिकूल आलं तर विसार १५ दिवसांत पूर्ण परत. जुन्या इमारतीचं उरलेलं आयुष्य बँकेचा मूल्यांकनकार वेगळं ठरवतो आणि कर्जाची मुदत त्यावर कापली जाते, म्हणून मंजुरीआधी मोठी रक्कम देऊ नका.