हवा, हवामान आणि आजीचं हवापाणी

पुण्यातल्या एका पालकांचा प्रश्न आहे. सहावीच्या भूगोलात 'हवा' आणि 'हवामान' वेगळे शिकवतात. हवा म्हणजे एखाद्या ठिकाणची त्या वेळची स्थिती, हवामान म्हणजे प्रदेशाची दीर्घकाळची सरासरी. मग बातम्यांत 'उद्याचं हवामान' म्हणतात ते चूक का? आणि घरातली आजी 'पुण्याचं हवापाणी' म्हणते, ते यांपैकी कोणतं?

चूक अजिबात नाही. बोलीतला एक सैलसर शब्द पुस्तकाने पारिभाषिक म्हणून आवळून बांधला, एवढंच.

'हवा' अरबीतून फारसीमार्गे आली, 'मान' संस्कृत. मान म्हणजे माप. ('वर्तमान', 'विद्यमान' यांतलं मान वेगळं, तो नुसता प्रत्यय.) आता गंमत बघा. 'आयुर्मान' म्हटलं की सरासरी आलीच. एकट्यादुकट्या माणसाचं आयुर्मान कोणी काढत नाही. 'पर्जन्यमान'ही बहुधा वर्षाचं, तालुक्याचं सांगतात. पण 'तापमान' या घटकेचंसुद्धा असतं. म्हणजे 'मान'मध्ये सरासरी असेलच असं नाही. हवेचं मोजमाप, मग ते आजच्या दुपारचं असो की तीस वर्षांचं, 'हवामान'च. 'हवामान अंदाज' उद्याचा असतो, 'हवामान बदल' दशकांचा, आणि दोन्ही प्रयोग आता इतके रुळलेत की ते उपटण्यात अर्थ नाही. तीस वर्षं हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. हवामानाच्या सरासऱ्या तीस वर्षांच्याच धरतात, आणि सध्या १९९१ ते २०२० चा काळ वापरात आहे.

पुस्तकातला भेद मात्र उपयोगी आहे, आणि तो समजायला पुण्यासारखं गाव नाही. जुलैत मोबाइलवर इशारा येतो, 'पुणे जिल्ह्यात अतिवृष्टी, रेड अलर्ट'. शाळा बंद. इकडे सदाशिव पेठेत नुसती भुरभुर; छत्री उघडावी की नाही असा पाऊस. लोक म्हणतात, वेधशाळेचं परत चुकलं! इशारा नीट वाचला तर त्यात बहुतेकदा 'घाटमाथा' हा शब्द असतो. सगळी मेख त्या शब्दात आहे. अरबी समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, गार होतात आणि पाणी तिथेच ओततात. पलीकडे उतरताना तीच हवा तापते, कोरडी होते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात साधारण ७०० ते ७५०, आणि दौंड-बारामतीकडे त्याहूनही कमी. याला भूगोलात 'पर्जन्यछाया' म्हणतात. मराठीतल्या नेमक्या घडवलेल्या शब्दांत मी तो फार वरचा मानतो. म्हणूनच पेठांत रस्ते जेमतेम ओले असताना खडकवासला धरणातून पाणी सोडतात आणि मुठेवरचा बुटका भिडे पूल पाण्याखाली जातो. पाऊस वरच्या अंगाला, पानशेत-वरसगाव धरणांकडे पडलेला असतो.

तर त्या दिवशी पेठेत भुरभुर होती, ही हवा. घाटापलीकडे असल्यामुळे दरवर्षीच इथे पाऊस बेताचा, हे हवामान. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंची आणि समुद्र लांब, म्हणून मे महिन्यात दुपार भाजून काढते आणि रात्री मुंबईपेक्षा गार होते, हेही हवामान. पण एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी पूर्वेकडून अंधारून आलं, धूळ उडाली, वळीव कोसळून गेला, ती हवा. मुलाला सोपी कसोटी द्या: वाक्यात 'आज' घालून बघ, मग 'एरवी' घालून बघ. 'आज' शोभलं तर हवा, 'एरवी' शोभलं तर हवामान.

वरच्या 'वेधशाळे'बद्दल जाता जाता. हवामान खात्याला वेधशाळा म्हणायची पुणेरी सवय जुनी आहे. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, आणि पुढे ते दिल्लीला गेलं तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून 'सिमला ऑफिस'च म्हणतात. रिक्षावाल्याला हवामान खातं सांगून बघा, तो हेच विचारून खात्री करून घेईल.

प्रश्नात नसलेला, पण मला खटकणारा शब्द म्हणजे 'वातावरण'. वात अधिक आवरण, पृथ्वीभोवतीचं हवेचं वेष्टन. ते ढगाळ कसं होईल? आभाळ ढगाळ होतं. 'मळभ आलंय', 'उघडीप मिळाली', 'कुंद हवा आहे' असे शब्द असताना 'ढगाळ वातावरण' कशाला? लग्नघरातलं वातावरण, निवडणुकीचं वातावरण, तिथे खुशाल वापरा.

राहिलं आजीचं हवापाणी. फारसीत 'आबोहवा', हिंदीत 'जलवायू'. पाणी आणि वारा यांची जोडी तिथेही आहेच. आपल्या 'हवापाण्या'त सरासरी नसते, मानवणं असतं. 'तिथलं हवापाणी त्याला मानवलं' म्हणजे तब्येत सुधारली. हवापालटासाठी माणसं पाचगणीला जायची, तीही याच हिशेबाने. तेव्हा आजीचा शब्द भूगोलातल्या 'हवामाना'च्या बाजूचा, पण मोजपट्टी पर्जन्यमापकाची नाही, अंगाची. परीक्षेत तो लिहिला तर गुण जातील. तिथे पुस्तकातलंच उत्तर लिहायला सांगा.