कापसाच्या पैशातून संशोधन निधी आणि तो सांभाळणारी माणसे

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे ३०० सभासद आहेत आणि जवळजवळ सर्वांचा कापूस कोरडवाहू आहे. यंदा कंपनीकडे थोडी शिल्लक राहिली आहे. ती संशोधनासाठी राखून ठेवावी, असे काही संचालकांचे म्हणणे आहे. इतरांच्या मते संशोधन हे विद्यापीठांचे आणि बियाणे कंपन्यांचे काम आहे. दोन तरुण सभासदांना नेतृत्व प्रशिक्षणाला पाठवावे, अशीही सूचना आली आहे. मार्गदर्शन करावे. (एका कंपनीचे संचालक मंडळ, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : नवा वाण तयार करणे हे आपल्या कंपनीचे काम नाही, एवढ्यापुरते दुसऱ्या गटाचे म्हणणे बरोबर आहे. त्यासाठी अनेक वर्षे, प्रशिक्षित पैदासकार आणि मोठा खर्च लागतो, आणि ते काम अकोला व परभणीची विद्यापीठे तसेच नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था करीतच आहेत. परंतु त्यांनी शिफारस केलेली गोष्ट आपल्या हलक्या, उताराच्या जमिनीत कितपत चालते, हे दुसरे कोणी येऊन ठरवून देणार नाही. निधी ठेवायचा तो याच कामासाठी ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कापसाच्या पैशातून कापसाचे संशोधन ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. १९२१ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली आणि १९२३ च्या कायद्याने कापसावर अगदी लहानसा उपकर बसवण्यात आला. मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये निघालेली प्रयोगशाळा, म्हणजेच आजची सिरकॉट ही कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, याच समितीने उभी केली. त्याच वर्षी इंदूरला सुरू झालेल्या संस्थेलाही समितीचा मोठा आधार होता. आपण ज्याला इंदूर कंपोस्ट म्हणतो ती खत करण्याची पद्धत त्या संस्थेत विकसित झाली आणि तिच्या ढिगात पऱ्हाट्याही (कापसाची वाळलेली झाडे) कुजवल्या जात, हे आज धुऱ्यावर (बांधावर) पऱ्हाट्या पेटवणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

ऑस्ट्रेलियात हीच व्यवस्था आजही चालू आहे. तेथे १९९० साली कापूस संशोधन व विकास महामंडळ स्थापन झाले. उत्पादक २२७ किलोच्या प्रत्येक गाठीमागे सव्वादोन डॉलर देतात आणि सरकार त्यात आपली भर घालते. त्या पैशातला काही भाग तरुण शेतकऱ्यांच्या नेतृत्व प्रशिक्षणावर खर्च होतो. तेथील शेती मुख्यतः ओलिताची, मोठ्या क्षेत्राची आणि यंत्रावर वेचणीची असल्याने तिचे उत्पादनाचे आकडे आपल्यापुढे ठेवण्यात अर्थ नाही. घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की पैसे देणारा शेतकरी आपला पैसा कोणत्या प्रश्नावर लागावा हे सांगू शकतो, आणि तसे सांगता येणारी माणसे मुद्दाम घडवली जातात.

आपला हिशेब साधा आहे. समजा कंपनीमार्फत ३,००० क्विंटल कापूस विकला गेला आणि क्विंटलमागे १० रुपये बाजूला काढले, तर ३०,००० रुपये जमतात. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये होता, म्हणजे ही कपात शंभर रुपयांमागे साडेबारा पैशांहूनही कमी पडते. रक्कम लहान आहे, पण गावपातळीवरच्या चाचणीला पुरते.

तरीही पैशापेक्षा माणसांची उणीव मला अधिक जाणवते. गुलाबी बोंडअळीचेच पाहा. २०१७ च्या हंगामात तिने केलेले नुकसान आपण सर्वांनी पाहिले. मे महिन्यात धूळपेरणी करू नये, नर पतंगांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे हेक्टरी ५ लावावेत, एका सापळ्यात सलग ३ रात्री दररोज ८ किंवा त्याहून अधिक पतंग आढळल्यास उपाय योजावा, डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली फुले) वेचून नष्ट कराव्यात आणि डिसेंबरनंतर फरदड ठेवू नये, म्हणजे वेचणी झालेले पीक न उपटता पुढे राखू नये, हे सर्व संशोधनाने सांगितलेले आहे. परंतु पतंग धुरा ओळखत नाही. वीस जणांनी पऱ्हाटी वेळेवर उपटली आणि एकविसाव्याने दोन पाण्याच्या आशेने फरदड राखली, तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. पतंगांच्या मिलनात अडथळा आणणारे गंधतंत्रही सलग क्षेत्रावर वापरले तरच उपयोगी पडते. त्या एकविसाव्याची अडचण ऐकून घेणारा, त्याला फरदडीऐवजी पेरायला हरभऱ्याचे बियाणे वेळेवर मिळवून देणारा आणि तरीही त्याला फरदड मोडायला लावणारा माणूस गावात नसेल, तर संशोधनावर झालेला खर्च कागदावरच राहतो. नेतृत्व या शब्दाचा कापसाच्या शेतीतला अर्थ मी असा घेतो. सभेतले भाषण त्यात फार खाली येते.

चाचणीसाठी पहिल्या वर्षी एकच प्रश्न घ्यावा. हलक्या जमिनीत ९० बाय १५ सेंटिमीटरची सघन लागवड आपल्याला परवडते का, हा प्रश्न मी सुचवीन. या अंतरावर हेक्टरी सुमारे ७४,००० झाडे बसतात. त्यामुळे बियाण्याचा खर्च वाढतो आणि कायिक (पाने-फांद्यांची) वाढ आटोक्यात ठेवावी लागते, म्हणून नुसते उत्पादन मोजून भागणार नाही, तर निव्वळ शिल्लक काढावी लागेल. दहा सभासदांनी प्रत्येकी आपल्या एकाच शेतात शेजारी शेजारी दोन पट्टे घ्यावेत, एक नेहमीच्या पद्धतीचा आणि दुसरा सघन लागवडीचा, आणि बाकी खत, डवरणी व फवारणी दोन्हींकडे शिफारशीनुसार करून त्यांचा खर्च पट्ट्यागणिक वेगळा लिहावा. रस्त्याकडेची उत्तम जमीन चाचणीसाठी निवडण्याचा मोह टाळावा. तसे प्लॉट पाहुण्यांना दाखवायला चांगले असतात, निर्णय घ्यायला नाहीत. नांगे (झाड न उगवलेल्या जागा) किती पडले ते मोजावे. सीतादहीची पूजा करून होणाऱ्या पहिल्या वेचणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत प्रत्येक पट्ट्याचे वजन स्वतंत्र करावे आणि वेचणीची मजुरीही त्याच वहीत लिहावी. ज्याच्या शेतात नवी पद्धत तोट्यात गेली त्याचे आकडे वगळू नयेत.

ही वही कोण ठेवणार, यावरून प्रशिक्षणासाठी माणसे निवडावीत. संचालकांची मुले म्हणून दोघे पाठवू नयेत. एक तरी महिला असावी, कारण वेचणीचा खरा अनुभव महिलांकडे असतो आणि कोणत्या झाडाचे बोंड सहज वेचले जाते हे त्या न विचारताही सांगतात. निवडलेल्यांनी आधी एक हंगाम सापळ्यांच्या आणि चाचणीच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्यानंतरच प्रशिक्षणाला जावे. नागपूरची वनामती ही राज्याची कृषी प्रशिक्षण संस्था आणि आपल्या भागातील रामेती हे विभागीय प्रशिक्षण केंद्र येथील कार्यक्रमांची चौकशी आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयामार्फत करता येईल. परत आल्यावर त्यांनी तालुक्याच्या शेतकरी सल्लागार समितीत आणि कृषी विज्ञान केंद्राच्या बैठकीत दहा शेतांचे आकडे मांडावेत. शास्त्रज्ञांसमोर तक्रार घेऊन जाणारे शेतकरी पुष्कळ असतात. वजनाची वही घेऊन जाणाऱ्याचे म्हणणे अधिक लक्षपूर्वक ऐकले जाते, असा माझा अनुभव आहे.

कपातीचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावा, निधीचे खाते स्वतंत्र ठेवावे आणि त्यातून सत्कार, बॅनर किंवा सहलीचा खर्च करता येणार नाही, असे ठरावातच लिहावे. चाचणीच्या दहा शेतांची निवड मे अखेरपर्यंत पूर्ण झाल्यास पेरणीपूर्वी पट्टे आखून देण्यासाठी आमचे सहायक कृषी अधिकारी येतील.