तालुक्याच्या गावी मुक्तिसंग्राम आणि सरकारी पाळत या विषयावर दोन दिवसांचा महोत्सव करायचाय, लोक येतील का आणि ठेवावं काय?

लोक येतात, पण भाषणं ऐकायला येत नाहीत हे आधी सांगतो. आम्ही नांदेड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी तीन वर्षं झाली १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आगेमागे हे करायलोत, आणि पहिल्या वर्षी सात वक्ते बोलवून हात पोळून घेतलेत, चौथा वक्ता उठेपर्यंत मंडपात आम्ही, माईकवाला आणि पोलिसांच्या गोपनीय शाखेचे हवालदार एवढेच उरलो होतो.

दुसऱ्या वर्षी भाषणं कापली आणि कागद लावले. हैदराबादच्या निजामाची गश्ती (परिपत्रक) निशाण ५३ ऐकून असाल, सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढा असलं ते फर्मान. ते मराठीत करून एका बोर्डावर लावलं आणि शेजारी आमचाच ठाण्यात दिलेला अर्ज, ज्यात वक्ते कोण, विषय काय, किती लोक येणार, माईक किती वाजता बंद होणार सगळं लिहून दिलेलं. खाली एक ओळ पण लिहिली नाही. लोक सगळ्यात जास्त तिथंच थांबले, एक रिटायर तलाठी तर दोन्हीवर बोट ठेवून ठेवून वाचायलेत आणि मधीच हसायलेत.

१९३८ चं वंदे मातरम् प्रकरण कॉलेजच्या पोरांना नाटुकलं म्हणून द्या. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजपासून ते पेटलं, गाणं म्हणलं म्हणून पोरं काढून टाकली, उस्मानियातून पण काढली, मग नागपूर विद्यापीठानं त्यांना घेतलं, पुढं पंतप्रधान झालेले नरसिंह राव पण त्यातलेच. त्याच साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेच्या आधीच बंदी आली, जन्मायच्या आधी बाळाला बंदी म्हणल्यावर मंडप हसतोच. उमरीची बँक लुटल्याचं (३० जानेवारी १९४८) आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे, त्यावर वेळ घालवू नका.

पोलीस ॲक्शन, म्हणजे सप्टेंबर १९४८ ची भारतीय फौजेची हैदराबादवरची कारवाई, त्यानंतर मुस्लिमांवर झालेल्या हिंसेचं मात्र ठेवा. त्याची चौकशी करायला केंद्र सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवलेला होता, त्यात २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज आहे आणि जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपलं उस्मानाबाद आणि नांदेड आहे. आमच्याकडं एका मुस्लिम आजीनं दहाच मिनिटं सांगितलं. काही पोरं उठून गेली, बाहेर आवाज चढले, चहा देऊन निपटलं. तरी ठेवाच, नुसता रझाकारांचा (निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचा) अत्याचार दाखवायचा तर तेवढं सरकारी ध्वजारोहणाच्या भाषणात येतंच की.

आमची चूक पण सांगतो. मागच्या वर्षी पारधी वस्तीवरच्या एका मामानं उठून विचारलं, रात्री येऊन आमच्या घरातली माणसं मोजतात ते कुठल्या बोर्डावर हाय? कुठल्याच नव्हतं. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, त्यातली पोलीस हजेरीची सवय गेली नाही, आणि आम्ही दोन दिवस पाळत पाळत करायलो तरी ते आम्हाला सुचलं नाही. आता पहिला बोर्ड तोच असतो, मजकूर मामांनीच सांगितलेला.

गोपनीयच्या माणसाला घाबरू नका, खुर्ची द्या, चहा द्या. आमचे हवालदार दरवर्षी कूलरजवळ बसतात. एकदा मला बाजूला घेऊन म्हणले, सर, किती लिहू? मी म्हणलं सव्वाशे तरी असतील. त्यांनी साठ लिहिले, म्हणले जास्त लिहिलं की साहेब मला अजून दोन फेऱ्या मारायला लावतात. तेव्हापासून निजामाच्या पोलिसांचा रिपोर्ट वाचताना मला हेच हवालदार दिसतात बघा, त्यामुळं रिपोर्टातला आकडा बोर्डावर लावताना शेजारी गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेला पण लावा, जुळत नसला तरी चालेल.

जुने कागद बरेचसे हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहेत आणि खूपसे उर्दूत, साल पण फसली (निजामाकडं चालायचं ते वेगळं कॅलेंडर), म्हणून उर्दू वाचणारे एखादे रिटायर मास्तर आत्ताच गाठून ठेवा. आमचे मास्तर पैसे घेत नाहीत, फक्त जायला-यायला गाडी आणि दुपारी झोपायला जागा पाहिजे म्हणतात. आणि मंडप घालू नका, सप्टेंबरात पाऊस हमखास येतो, मंगल कार्यालय बघा, पितृपक्षात असेल तर निम्म्यात मिळतं.