‘वय झालं’ म्हणून दिव्यांग दाखला टाळू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की वडील 72 वर्षांचे, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीतून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, डावा हात जवळजवळ कामातून गेला आणि आता काठीशिवाय चालता येत नाही. दिव्यांग दाखला काढावा का, असं विचारलंत आणि पुढे घरच्यांचं मतही दिलंत: ‘वय झालं की असं होतंच, दाखला कशाला?’

काढा. या महिन्यातच अर्ज करा.

हे वाक्य आमच्या घरीही होतं. आई 71 व्या वर्षी न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण वॉकर कायमचा हातात आला. दिव्यांग म्हणजे जन्मापासूनचा किंवा अपघातातला, असं आमच्या डोक्यात पक्कं होतं. आई ‘म्हातारी’ होती, एवढंच. एका कार्यालयात चौकशीला गेले तर खिडकीवरच्या माणसाने तेच ऐकवलं, ‘या वयात आता काय करायचंय?’ आणि मी मान हलवून परत आले. त्यात चार वर्षं गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वयाची वरची मर्यादा कुठेही नाही. त्यात 21 प्रकार आहेत आणि पार्किन्सन्सही नावानिशी आहे. बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. तुम्ही वडिलांचं जे वर्णन केलंय, त्यावरून तपासणीला न्यायलाच हवं. टक्केवारी मात्र डॉक्टरच ठरवतील.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन या वेबसाइटवर भरायचा आणि तपासणीला जायचं. आपल्याकडे त्र्यंबक नाक्याजवळचं जिल्हा रुग्णालय. दाखल्याबरोबर युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्राचंही काम त्याच अर्जात होतं. झटका आला तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड आणि मेंदूच्या स्कॅनचा रिपोर्ट शोधून ठेवा. फिजिओथेरपीचे कागदही फेकू नका.

उपयोग काय, तर आमचाच सांगते. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली ती झालीच. पण सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग दिव्यांगांची सवलत चालू आहे, आणि ती सोबत जाणाऱ्यालाही मिळते. दाखला आल्यावर रेल्वेचं वेगळं कार्ड काढलं आणि आईला नाशिकरोडहून भुसावळला मावशीकडे नेलं. सहा वर्षांनी बहिणी भेटल्या. तुम्ही जुन्या पद्धतीने आयकर भरत असाल तर अवलंबून असलेल्या दिव्यांग आईवडिलांसाठी 80डीडी या कलमाखाली उत्पन्नातून 75,000 रुपयांची वजावट आहे. दिव्यांगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000.

दाखल्याशिवायही दोन गोष्टी लगेच होतील. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, 5 लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांसाठी. आणि वडील निवृत्त होताना ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत असतील, किमान 5 वर्षांचा विमा भरलेला असेल, तर वर्षाला 120 रुपये भरून त्यांना आणि तुमच्या आईला ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. सातपूरचं रुग्णालय त्यासाठीच आहे. अंबड-सातपूरच्या कितीतरी निवृत्त कामगारांना हे ठाऊकच नसतं.

निराधार ज्येष्ठांना दरमहा पैसे देणाऱ्या राज्याच्या श्रावणबाळ योजनेवर मात्र फार भिस्त ठेवू नका. महिन्याला 1,500 रुपये मिळतात, दिव्यांगांना 2025 पासून 2,500, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत लागतं. वडिलांना ईपीएसचं, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडातलं पेन्शन महिन्याला 2,100 येतं म्हणालात, म्हणजे वर्षाचे 25,200. तेवढ्यानेच ते बाहेर. दोन हजारांत औषधंही पूर्ण येत नाहीत, तरी सरकारच्या हिशेबात हा माणूस निराधार नाही. मला हे सरळ अन्यायकारक वाटतं. वयानुसार आजारपणाचा खर्च वाढतो हे माहीत असून ही मर्यादा इतकी खाली कशी ठेवली जाते?

तुमचा दुसरा प्रश्न होता की धोरण ठरवणाऱ्यांना हे दिसत नाही का. दिसणार कसं? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 60 वर्षांवरचे 9.9 टक्के होते, देशात 8.6. त्यानंतर राज्याचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 1.7 वर आला, म्हणजे म्हाताऱ्यांचं प्रमाण वाढतच जाणार. त्याच जनगणनेत दिव्यांग मात्र देशात फक्त 2.21 टक्के निघाले. प्रगणक दारात येऊन विचारतो, घरात कोणी दिव्यांग आहे का? आपण सांगतो, ‘नाही हो, आई फक्त म्हातारी आहे.’ आत आई भिंत धरून चालत असते! स्मृतिभ्रंशाचं तर विचारूच नका. 60 वर्षांवरच्यांत त्याचं प्रमाण 7.4 टक्के असल्याचा अंदाज 2023 मध्ये आला, पण त्या 21 प्रकारांच्या यादीत तो स्वतंत्र नावाने नाही.

त्यात ज्येष्ठांची खिडकी वेगळी, दिव्यांगांची वेगळी. महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो, पण तो खर्च होतो नोंद झालेल्यांवर. नोंदीत तुमचे वडील नसतील तर त्यांच्या घराजवळच्या फुटपाथला उतार हवा हे कागदावर कोण मागणार? येत्या सिंहस्थासाठी घाट आणि रस्त्यांची कामं होताहेत. रामकुंडाच्या पायऱ्या वॉकर घेऊन उतरून पाहिल्यात का कधी? आई शेवटपर्यंत वरूनच हात जोडायची. कठडा आणि उतार बांधायचा तर काम चालू असतानाच, नंतर कोणी फोडून बांधत नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातर्फे आम्ही तसं निवेदन दिलंय. तुमच्या भागातल्या संघानेही द्यावं, दाखलेधारकांची संख्या लिहून. आणि 2027 च्या जनगणनेचा माणूस दारात आला की वडिलांचं नीट सांगा.

तपासणीच्या दिवशी त्यांना उपाशी नेऊ नका, वेळ जातो. शुगरची गोळी, बिस्किटं, पाणी जवळ ठेवा. आत शिरताच व्हीलचेअर मागा. डॉक्टरांसमोर वडील ‘मी सगळं करतो’ म्हणतील, आमची आईही म्हणाली होती. शर्टाची बटणं कोण लावतं, जेवण कोण कालवून देतं, हे तुम्ही शांतपणे सांगा. अर्ज भरताना कुठे अडलं तर इथेच लिहा, मी रात्री नऊनंतर पाहते.