वरचा मजला पुढे चढवायचा असेल, तर आज काय करावं?

प्रश्न : ताई, आम्ही घरात पाच माणसं. मी, नवरा, दोन मुलं आणि सासरे. जागा ताब्यात आहे, कर्जही मंजूर झालंय; पण पैसे एका मजल्यापुरतेच आहेत. मुलं मोठी झाली की वर दोन खोल्या चढवायचा विचार आहे. ठेकेदार म्हणतात, सध्या एकच मजला आहे तर पाया आणि कॉलम हलके करू, वाचलेल्या पैशांत भारी फरशी आणि किचनच्या ट्रॉल्या होतील. सासरे म्हणतात, पाया दोन मजल्यांचाच हवा. नवऱ्याला वाटतं, माल आपण आणावा आणि काम फक्त मजुरीवर द्यावं. या तीन मतांत मी अडकले आहे. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाहीत?
– एक वाचक

उत्तर : सासऱ्यांचं बरोबर आहे. हे आधीच सांगते, म्हणजे घरातला निम्मा वाद मिटेल.

वरच्या मजल्याचं सगळं वजन कॉलममधून खाली येतं आणि फुटिंगमधून, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या रुंद बैठकीतून, जमिनीत उतरतं. ते फुटिंग आज लहान घातलं, तर पुढे रुंद करण्यासाठी राहत्या घराची जमीन फोडावी लागेल, कॉलमभोवती नव्या सळया बांधून काँक्रीटचं आवरण चढवावं लागेल. त्या खर्चापुढे आजची बचत काहीच नाही. फरशी मात्र दहा वर्षांनीही बदलता येते. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरना पहिल्याच भेटीत सांगा, 'आत्ता तळमजला, पुढे आणखी एक.' जमीन कशी आहे ते पाहून ते पाया ठरवतील. त्यांची फी वाचवू नका. अंदाजाने बांधलेल्या घरात नको तिथे जास्त आणि हवी तिथे कमी सळई पडलेली मी कितीदा पाहिली आहे.

गच्चीवर कॉलमच्या सळया पुढच्या मजल्यासाठी वर काढून ठेवाव्या लागतात. नवी सळई जुनीला जोडायला साधारण व्यासाच्या 50 पट लांबी लागते, म्हणजे 16 मिलिमीटरच्या सळईला 80 सेंटिमीटर. या सळया तशाच उघड्या ठेवू नका. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, तो खाली उतरला की कॉलमच्या माथ्याला तडे जातात. सळयांना सिमेंटची लापी लावून वर कमी सिमेंटच्या काँक्रीटचा ठोकळा ओता. मजला चढवताना तो सहज फोडता येतो. जिना बैठकीतून न काढता बाहेरच्या अंगाला घ्या, नाहीतर वरचं काम चालू असताना वाळूची घमेली तुमच्या घरातून जातील. आणि वरचं बाथरूम खालच्या बाथरूमच्या डोक्यावरच येईल असा नकाशा करा.

आता बचत. ती नकाशावर होते, आणि तिथे एक पैही जात नाही. 30 बाय 30 फुटांचं घर आणि 15 बाय 60 फुटांचं घर, दोन्ही 900 चौरस फूट. पण पहिल्याच्या बाहेरच्या भिंती 120 फूट, दुसऱ्याच्या 150. म्हणजे विटा, गिलावा, रंग, सगळंच बाहेरून सव्वापट. जागा परवानगी देत असेल तर घर चौकोनी ठेवा, कोपरे कमी करा. स्वयंपाकघर आणि बाथरूम एकाच भिंतीच्या दोन बाजूंना घेतलं की पाइप निम्म्यावर येतो. खिडक्यांची मापं दोनच ठेवा. एवढं झालं की नकाशावर सगळ्यांनी सह्या करा आणि जोत्यापर्यंत काम आल्यावर 'ही भिंत जरा इकडे घेऊ' म्हणू नका. बांधलेलं पाडण्याचे आणि पुन्हा बांधण्याचे, असे दोनदा पैसे जातात.

ट्रॉल्या, फॉल्स सीलिंग, भिंतीतली कपाटं, कुंपणाची नक्षी हे सगळं खुशाल थांबवा. मात्र विजेचे पाइप आणि खोके आताच भिंतीत टाकून घ्या, एसी पाच वर्षांनी येणार असला तरी. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना तो फोटो उपयोगी पडतो.

तुमच्या नवऱ्याच्या मतावर माझं उत्तर एका प्रश्नात आहे : रोज साइटवर उभं कोण राहणार? दोघंही नोकरीला जात असाल तर मजुरीचा ठेका महाग पडतो. सिमेंट सांडतं, सळई जास्त कापली जाते, माल उरतो. मग मालासह ठेका द्या, पण कोणतं सिमेंट, किती मिलिमीटरची सळई, काँक्रीटचं प्रमाण काय, हे करारात लिहून घ्या. सासऱ्यांना उन्हात उभं राहणं झेपत असेल आणि त्यांनाही हौस असेल, तर मजुरीवर जरूर द्या. त्यांच्या हातात एक वही, एक टेप आणि एक वजनकाटा द्या.

वजनकाटा सळईसाठी. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 162 ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई साधारण पावणे अकरा किलो भरायला हवी. थोडा फरक चालतो, एक किलो कमी भरली तर गाडी उतरवून घेऊ नका. वाळू ओली असेल तर ती फुगते, मोजमापात पाव हिस्सासुद्धा जास्त दिसू शकते, आणि तुम्ही त्या फुगण्याचे पैसे देता. सिमेंट एकदम भरून ठेवू नका. लागेल तसं आणा, फळ्यांवर रचा, भिंतीपासून दूर. तीन महिने पडून राहिलेल्या पोत्याची ताकद कमी झालेली असते.

आणि पाणी. याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ आहे. काँक्रीट लवकर पसरावं म्हणून मिक्सरमध्ये आणखी एक बादली ओततात. 50 किलोच्या एका पोत्याला सुमारे 25 लिटर पाणी पुरतं, वाळूतला ओलावा धरून. जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. ती बादली सासऱ्यांनी थांबवावी. उलट, ओतून झाल्यावर पाणी कमी पडू देऊ नका. स्लॅबवर वाफे करून किमान दहा दिवस पाणी साठवा, चौदा झाले तर उत्तम. काँक्रीट सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकदीचं झालेलं असतं, पूर्ण हिशेब 28 दिवसांचा. म्हणून सेंट्रिंगवाल्याला, म्हणजे स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावणाऱ्याला, दुसऱ्या साइटची घाई असली तरी इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय टेकू काढू देऊ नका.

माझ्या स्वतःच्या घराचं सांगते. वीस वर्षं लोकांच्या साइट्स पाहिलेल्या मी, राहायला जायच्या घाईत वरच्या बाथरूमची पाणी भरून चाचणी केली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छताला ओल आली. फरशी, खालची भर, वॉटरप्रूफिंग, सगळं उखडावं लागलं. तेव्हा माझी आई त्या खोलीत झोपत असे आणि तिला तीन आठवडे बैठकीत झोपावं लागलं. ते मला अजून लागतं. फरशी बसवण्याआधी बाथरूममध्ये पाणी भरून 48 तास ठेवा आणि खालून, बाजूने पाहा.

पैसे टप्प्यांनी द्या : पाया, जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा. झालेल्या कामापेक्षा दिलेली रक्कम कधीही पुढे जाऊ देऊ नका. एकूण अंदाजाचा दहावा हिस्सा बाजूला ठेवा आणि तो घरात कुणालाही फरशीसाठी मागू देऊ नका.

सासऱ्यांची खोली तळमजल्यावरच आहे ना? तिचं आणि बाथरूमचं दार तीन फुटांचं ठेवा, मध्ये उंबरा नको. चौकट आत्ता मोठी घेतली तर फरक थोडा पडतो, आणि हे चौकटींची मापं देण्याआधी सांगावं लागेल.